गाडीचा खांदा

गोरेगाव
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय उदारामकाकाजींना,
दुर्गेश्वरीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते फोडायच्या आधी थोडे थांबला असाल. मीही तिकीट लावायच्या आधी आठ दिवस थांबले. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू यावं म्हणून मी ओरडले, तर तुमच्या आधी बाबांना ऐकू जाईल. म्हणून हे पत्र. तुमच्या पुतण्याला जाऊन येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. तेरवीच्या दिवशी पंगतीत, सगळ्या सोयऱ्यांसमोर बाबा तुम्हाला म्हणाले, ‘तूच मारलास माह्या पोराले.’ तुम्ही भरल्या ताटावरून, उष्ट्या हातानं उठून गेलात. नंतर तुम्ही गॅरेज कायमचं बंद केलं आणि सौंदडला लेकीकडे, गीताबाईंकडे राहायला गेलात, हे मला बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळलं. सख्ख्या भावाच्या घरात तुमचं नाव निघत नाही.

आता काम लिहिते. यांची पिकअप अजून मागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. बाबांनी ती विकू दिली नाही. मी गोंदियाला जाऊन गाडी शिकले, जूनमध्ये लायसन आलं. दिवाळीनंतर लोकांचे धान केंद्रावर न्यायला गाडी लागते, तेव्हा ही चालवायची असं मी ठरवलं आहे. अंगणवाडीच्या कामावर माझ्या रेणूचं नर्सिंगचं शिक्षण पुरं व्हायचं नाही. आमगाव रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं पत्रा सरळ केला, इंजिन चालू करून दिलं. पण स्टिअरिंग जात्यासारखं जड आहे आणि त्याचं तेल खाली गळतं. तो म्हणतो, पंप बदला आणि खालचा बॉक्सही बदला. मला त्याचा भरवसा वाटत नाही. या गाडीचा नट न् नट तुम्हाला माहीत आहे. काय करू ते सांगा.

उत्तर घरी पाठवू नका. अंगणवाडीचा पत्ता मागे लिहिला आहे.

तुमची सून,
दुर्गेश्वरी

०

सौंदड
१७ ऑगस्ट २०२४

चि. दुर्गेश्वरीस,
अनेक आशीर्वाद. चि. नंतर सौ. लिहायची हाताची सवय आहे. लिहून गेलो आणि मग खोडलं, म्हणून वर शाईचा डाग आहे. राग मानू नको.

गाडी विकून टाक, हा माझा सल्ला. तू तो ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. ऐकायचं असतं तर तू मला नाही, भंगारवाल्याला पत्र लिहिलं असतंस.

आणि खरं सांग बेटा, तुला गळती काढायची आहे, की योगराजच्या गाडीला काय झालं होतं ते विचारायचं आहे? शेजारच्या शेतातल्या टिकारामनं धुऱ्यावरून पाहिलं. बोडीजवळच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ पाण्यात गेली. त्याच उन्हाळ्यात स्टिअरिंगचा पाइप मी बदलला होता. मग दादा मला म्हणाला त्यात चूक काय? खाई त्याला खवखवे म्हणतात. दोन वर्षं झाली, मी पाना हातात धरलेला नाही. पेटी खाटेखाली आहे. नातू ती ओढतो तेव्हा आवाज मला ऐकू येत नाही, पण जमिनीतून कळतो.

तर ऐक. जो मिस्त्री न बघता ‘सगळं बदला’ म्हणतो, तो मिस्त्री नव्हे, दुकानदार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं त्याचं काम. गळती वरून खाली येते. थेंब जिथे पडतो तिथे दोष असतोच असं नाही, म्हणून आधी सगळं पुसायचं. गाडी सपाट जागी लाव, चाकाला मागून-पुढून दगड लाव, इंजिन गार होऊ दे. डिझेलमध्ये फडकं बुडवून तेलाची टाकी, पंप, दोन्ही पाइप आणि खालचा बॉक्स लख्ख पूस. मग कोरड्या फडक्यानं पूस. खाली जुने पेपर अंथर. इंजिन चालू करून कोणाला तरी स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांग. पार टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, पंपावर जोर येतो. तू लांबून बॅटरीच्या उजेडात बघत राहा. पट्ट्याजवळ पदर नेऊ नको, बोटानं चाचपू नको. पुठ्ठ्याचा तुकडा धर. जिथे पहिल्यांदा ओलं दिसेल तो दोष.

सगळ्यात आधी एक जागा बघ. पंपातून जाड पाइप निघतो, त्याच्या बोल्टाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे दोन वॉशर आहेत. ते मी लावले. नवे लावले. माझी रीत तुला माहीत नसेल: जुना वॉशर काढला की मी तो कात्रीनं मधोमध कापून मालकाच्या हातात देतो, म्हणजे उद्या कोणी चिकटपणा करून तोच परत लावू नये. त्या दिवशी योगराज घरी नव्हता, म्हणून चार तुकडे दादाच्या हातात दिले. पण नवा वॉशरही वाकडा बसतो, बोल्ट कमी कसला जातो, शेवटी माणसाचा हात आहे. तेव्हा ते वॉशर ओले असतील तर पुढचं काही बघू नको. मला फक्त ‘ओले’ एवढं लिहून पाठव. मी समजेन.

तुझा,
उदाराम

०

गोरेगाव
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय काकाजी,

कोरडे आहेत.

हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण तुम्ही पत्र उभ्यानंच वाचायला घ्याल हे मला माहीत आहे. आता बसा आणि बाकीचं वाचा.

आज रविवार. बाबा सकाळीच धानाच्या बांध्या बघायला गेले. मी रुख्माला बोलावलं. ती आमच्या अंगणवाडीची मदतनीस, पोटात गोष्ट ठेवणारी बाई. तिनं जन्मात पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं. ‘बाई, हे तं भैताड जड आहे, पायली दळल्यावानी वाटून राहिलं,’ म्हणाली, पण दोन्ही हातांनी फिरवत राहिली. मी आधी तासभर सगळं पुसून घेतलं होतं. तुमचे वॉशर पहिले पाहिले, इंजिन चालू झाल्यावर पाहिले, दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले. पुठ्ठा लावला तोही कोरडा. तिथेच मला रडू आलं. रुख्मा वरून विचारत होती, ‘काय झालं, फुटलं का?’ तुमच्या पत्रातला प्रश्न खरा होता. मला गळती नव्हती काढायची. ज्या माणसानं माझ्या लग्नात रुसलेल्या वऱ्हाडाची बस दुरुस्त करून दिली, त्याच्या हातून माझा नवरा गेला की नाही, एवढंच मला माहीत करून घ्यायचं होतं. आता माहीत झालं.

गळतं ते पंपाच्या पुढच्या तोंडातून, पट्ट्याच्या चाकामागून. खालचा बॉक्स कोरडा आहे, त्यावर वरून ओघळ आला होता. परतीच्या पाइपाच्या तोंडाशीही थोडं ओलं आहे. पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. तुम्ही तेल लाल असतं असं एकदा यांना सांगताना मी ऐकलं होतं, पण पेपरावर पडलेलं तेल लाल नाही. काकवीसारखं तांबूस काळं आणि चिकट आहे. बोटाला लागलं ते साबणानं गेलं नाही. मग टाकीचं झाकण उघडलं. आत दुधावर येते तशी जाड साय होती. ती काडीनं उचलली तर अख्खी चामड्यासारखी वर आली. तळाशी जाळी आहे ना, ती त्याच रेंद्यानं बुजली आहे, एक भोक मोकळं नाही. त्याला वास येतो. वास ओळखीचा आहे, घरातला आहे, पण इंजिनात जळल्यामुळे कुठला ते सापडत नाही.

मला वाटतं यांना कोणीतरी डब्यात भेसळीचं तेल दिलं. दुकानदार कोण ते आता कळायचं नाही. पण तुमची चूक नव्हती हे तर नक्की झालं. पोळा दोन तारखेला आहे. त्या दिवशी बाबांचं मन जरा बरं असतं. जेवायला वाढताना मी त्यांना सगळं सांगून टाकणार आहे. त्यांनी चारचौघांत तुम्हाला बोल लावला, आता चारचौघांत मागे घ्यावा.

तुमची,
दुर्गेश्वरी

०

सौंदड
३० ऑगस्ट २०२४

दुर्गेश्वरीस,

पोस्टानं वेळेवर पोहोचणार नाही म्हणून हे गोंदियाच्या बसच्या वाहकाजवळ देतो आहे. तो ओळखीचा आहे, अंगणवाडीत आणून देईल.

दादाला काही सांगू नको. पोळ्याला नाही, नंतरही नाही. मी तुझ्यापेक्षा वडील आहे, एवढं माझं ऐक.

टाकी सोडवून घे, आतलं सगळं बाहेर काढ, डिझेलनं तीन वेळा धू. पाइप काढून तेही धू. जाळी बसवलेली नवी टाकी मिळते, तीच लाव, जुनी धुऊन वापरू नको. पंपाच्या तोंडाचं सील गेलं आहे. सीलचा संच आण, पण लावू नको. पंपाचा नंबर त्याच्या पाठीवर आहे, तो दुकानात दाखव. नवं तेल अजून भरू नको. खालचा बॉक्स चांगला आहे, त्याला कोणाला हात लावू देऊ नको.

निघालेलं जुनं तेल लांब नेऊन खड्ड्यात पूर. बाटलीत ठेवू नको. कोणाला दाखवू नको. वासाचा विचार करत बसू नको.

चूक माझीच होती असं समजून चाल. दोन वर्षं तसंच चाललं आहे, काही बिघडलं नाही.

उदाराम

०

गोरेगाव
३ सप्टेंबर २०२४

काकाजी,

तुम्ही लिहिलंत ते केलं. टाकी सोडवून धुतली, नवी मिळेपर्यंत रिकामी परत बसवली. एकच केलं नाही. तेल पुरलं नाही. ज्या तेलापायी माझं कुंकू गेलं ते पुरा म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, इतकं मला कळतं. बाटली अंगणवाडीच्या कपाटात ठेवली.

आणि परवा मला वास सापडला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते हे मी तुम्हाला काय सांगावं. बैल होते तेव्हा बाबा त्यांचे खांदे पळसाच्या पानानं शेकायचे. ती पूजा पुरुषांची, मी नेहमी चुलीपाशी. बैल गेल्यावरही ते त्या संध्याकाळी मागे शेडमध्ये जातात एवढं माहीत होतं. मला वाटायचं, रिकाम्या दावणीजवळ बसत असतील. या वेळी बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बोलवायला गेले.

पिकअपचा पुढचा पत्रा वर केलेला होता. त्याला टेकवून दिवा ठेवला होता. बाबांच्या हातात पळसाचं पान, हळदीची वाटी आणि जवसाच्या तेलाचा तो डबा, ज्यातून ते दाराच्या चौकटींना तेल देतात. पान तेलात बुडवून त्यांनी पत्र्याला लावलं, इंजिनाला लावलं. बैलांना म्हणायचे तेच म्हणाले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ मग त्यांनी सवयीच्या हातानं टाकीचं झाकण फिरवून काढलं. चाचपडले नाहीत, बघितलंही नाही. आत वाकून बघितल्यावर मात्र म्हणाले, ‘अरे बाप्पा, पार कोरडा पडलास. उपासी ठेवलो का मी तुले?’ आणि डबा वाकडा करून धार सोडली.

काकाजी, मी खोटं कशाला बोलू? त्या घडीला मला त्यांचा फार राग आला. त्यांनी तुम्हाला म्हटले होते तेच शब्द माझ्या तोंडाशी आले. ‘तुम्हीच मारलंत. तुमच्या या हातांनी मारलंत आणि दोन वर्षं दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडलीत.’ मी एक पाऊल पुढेही टाकलं. तेवढ्यात ते गाडीच्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाले, ‘माह्या योगराजले तू जपलास नाई. पन आता सूनबाई बसून राहिली तुह्यावर. तिले जपजो.’

मी परत आले. त्यांचं ताट वाढलं. काल पुरणपोळी केली, तीही वाढली.

तुम्ही ‘साय’ वाचूनच ओळखलं होतं ना? आता मला काही शिकवू नका, खरं लिहा. हे मी कोणाला सांगू? नाही सांगितलं तर तुमच्या नावाला लागलेलं कधी निघणार नाही. सांगितलं तर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ते ऐकून कसा जगेल? मला दोन्हीही करवत नाही.

दुर्गेश्वरी

०

सौंदड
९ सप्टेंबर २०२४

चि. दुर्गेश्वरी,

हो, ओळखलं होतं. जवसाचं तेल वाळलं की साय धरतं, म्हणून तर दारांना आणि बैलगाडीच्या जुवाला लावतात. उष्ण जागी तर लवकरच. ती साय जाळीत बसली, पंपाला तेल ओढता येईना, आणि रबराच्या सीलचंही वाटोळं झालं. वळणावर पंपानं हात टेकले. एरवी जोर लावून स्टिअरिंग फिरतं, पण ज्याला ते हलकं असण्याची सवय आहे त्याला ऐनवेळी तेवढा जोर सुचत नाही. झालं ते असं झालं. तुला हक्क आहे म्हणून लिहिलं.

आता पुढचं वाच, ते मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. योगराजनं पिकअप घेतली आणि बैलजोडी विकली तेव्हा दादा दोन दिवस जेवला नाही. दावणीजवळ बसून राहायचा. मी त्याला हसवायला म्हणून हात धरून गाडीजवळ नेलं. पत्रा उघडला, ती टाकी दाखवली आणि म्हणालो, ‘दादा, बैल गेला म्हणून रडून काऊन राहिला? हे पाय, हा गाडीचा खांदा. सारं वळण याच्यावर आहे. याचं तेल कमी होऊ देजो नोको. कमी दिसलं का टाकत जा.’ त्याचा चेहरा उजळला. घरात आपल्याला काही काम आहे असं त्याला वाटलं. त्या दिवशी तो जेवला. मी मोठा शहाणा म्हणून मिशीवर ताव देत घरी गेलो.

कोणतं तेल, ते मी सांगितलं नाही. योगराज लाल तेल आणून ठेवायचा, ते सरलं असेल. खांद्याला कोणतं तेल लावतात हे दादाला कोणी शिकवायची गरज नव्हती. मिस्त्रीनं अर्धं सांगणं म्हणजे नट अर्धा कसून सोडणं. तेव्हा तू म्हणतेस तसा मी निर्दोष नाही. माझे वॉशर कोरडे निघाले, एवढंच.

सोबत एक वेगळी चिठ्ठी आहे. ती दादाला वाचून दाखव. जशी आहे तशी वाच, मधे थांबू नको. कापलेल्या तुकड्यांचं त्याला आता आठवत नसेल. तुझ्याजवळची बाटली रिकामी कर. दादाला सांग की आता हे तेल कंपनीनं बंद केलं, मालकानं हात लावायचा नसतो, मिस्त्रीच भरतो. काहीही सांग. मला दोन वर्षांत या भाराची सवय झाली आहे. माझ्या खांद्याला घट्टे पडलेत, दुखत नाही. त्याच्या खांद्यावर आता ठेवायचं नाही.

उदाराम

(चिठ्ठी)

प्रिय बिसरामदादास,
साष्टांग नमस्कार. तू तेरवीला म्हणालास ते खरं होतं. आजवर कबूल करायची हिंमत झाली नाही. पाइप बदलताना माझ्याजवळ नवे वॉशर नव्हते. मी जुनेच वॉशर परत लावले. त्यातून तेल गळालं आणि वळणावर स्टिअरिंग बसलं. सूनबाईनं गाडी तपासली, तिलाही तेच दिसलं. दोष माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. जमलं तर माफ कर, नाही जमलं तरी चालेल.
तुझा लहान भाऊ, उदाराम

०

गोरेगाव
१६ सप्टेंबर २०२४

काकाजी,

चिठ्ठी वाचली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे न थांबता वाचली. अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगून सांगून माझा आवाज खोटं बोलायला चांगला तयार आहे, असं मला वाटलं होतं.

बाबा ओसरीवर बसले होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘वायसराचं परत वाच.’ मी परत वाचलं. ‘जुनेच वायसर परत लावला म्हनते?’ मी म्हटलं, हो. त्यांनी कमरेची चंची सोडली. तंबाखू, चुना, सुपारी बाजूला काढली, आणि तळातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर उलटी केली. तांब्याचे चार अर्धे तुकडे होते. हात लागून लागून सोन्यासारखे चकचकीत झालेले.

‘हे पाय,’ म्हणाले. ‘त्यानं कापून माह्या हातात देल्लन. ज्यानं कापला तो परत लावन कसा? मले दोन वर्सापासून मालूम आहे त्यानं नवेच लावलन म्हनून.’

मी विचारलं, ‘मग तेरवीला तसं का म्हणालात?’

तेच मला उलट विचारू लागले. ‘खोटं काऊन लिहून राहिला तो? आपल्यावर काऊन घेऊन राहिला? कोनाले वाचवून राहिला?’ तीनदा विचारलं, प्रत्येक वेळी हळू. काकाजी, मी काहीच बोलले नाही. शपथ घेऊन सांगते, एक शब्द बोलले नाही. पण माझी नजर गेली. दाराच्या कोपऱ्यात जवसाच्या तेलाचा डबा ठेवलेला होता, तिकडे गेली. तेवढ्यावर त्यांनी वळून बघितलं.

मग विचारलं, ‘ते तेल चालत नाई का त्याले?’

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. जाळीचं, सायीचं, आणि तुम्ही कोणतं तेल ते सांगितलं नव्हतं तेही. तुमची आज्ञा मोडली. विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊन त्यांच्यासमोर रोज बसणं मला झालं नसतं. माझा राग ते विचारतानाच गेला होता.

आज चौथा दिवस. ते शेडमध्ये खाट टाकून राहतात. थोडा भात खातात. डबा स्वतः नेऊन नाल्यात ओतून आले. माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. काल कागद आणि पेन मागितला. सोबत काही आलं नाही तर समजा की अजून लिहून झालेलं नाही.

दुर्गेश्वरी

०

गोरेगाव
२२ सप्टेंबर

उदाराम,

मी चवथी शिकलो आहो. पत्र लिहाची सवय नाई. सूनबाई लिहून देतो म्हनत होती, पन हे माह्या हातानंच लिहाचं होतं. सहा दिवस झाले लिहून राहिलो.

तुकडे माह्याजवळ होते. तेरवीच्या दिवसीबी चंचीतच होते. मले मालूम होतं तुह्या कामात खोट नाई. तरी मी तुले तसा म्हनलो. पोरगा गेला तवा कोनाचंतरी नाव घेतल्याबिगर मले श्वास घेता येत नोता, आन तू समोर बसून होतास. तू उलटून बोललास नाई. ते माह्यं पाप आहे. तेलाचं त्याच्यानंतरचं.

तेलाचं मले मालूम नोतं. तू खांदा म्हनलास, तं खांद्याले मी जे लावतो ते टाकलो. तू सांगतलास नाई कोनतं, मी तुले पुसलो नाई. मले वाटत होतं मी पोराच्या गाडीची सेवा करून राहिलो. तो जावाच्या आदल्या दिवसीबी टाकलो होतो. तो हासून म्हनला, बाबा, तुमच्याच हातानं चालते हे गाडी. हे मी कोनाले सांगतलो नाई, तुले सांगून राहिलो.

आता माह्यासाठी खोटं नको लिहू. तू एकटा दोन वर्सं वाहलास, पुरे झालं. जू एका बैलाच्या खांद्यावर ठेवत नसतेत. माह्यावालं मले उचलू दे, तुह्यावालं तू उचल.

सूनबाईनं पंपाचं सील आनलन. नवी टाकीबी आनलन. आमगाव रोडवाला लावून देतो म्हनते, पन मी त्याले हात लावू देलो नाई. तुह्याच हातानं लागलं पायजे. पेटी खाटेखालून काढ. लाल तेल तूच आन, डब्यावर बोट ठेवून मले दाखव कोनतं ते. मी पुसीन, तू सांगजो. मंग सूनबाई गाडी काढन आन बोडीच्या वळनावरून नेईल. आपन दोघं तिच्या बाजूले बसून जाऊ. मी एकटा तिथून जाऊ शकत नाई.

तू त्या दिवसी भरल्या ताटावरून उठलास. ते ताट माह्या डोळ्यासमोरून जात नाई.

आज आवतन घे, उद्या जेवाले ये.

तुहा मोठा भाऊ,
बिसराम